गिऱ्हाईक नसलेलं कपाट

इंग्रजी पुस्तकांना गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ती माझ्या वाट्याला आली. मराठी कादंबऱ्यांचं तसं नव्हतं. नवी कादंबरी आली की तिच्यावर नंबर लागायचे, नावं लिहायला काउंटरवर वेगळी वही असायची, आणि पुस्तक आपल्या हाती येईपर्यंत त्याची शिवण उसवलेली, वर कुणा परोपकारी माणसाने शेवट काय होतो ते पहिल्याच पानावर लिहून ठेवलेलं. दिवाळी अंकांवरून तर बोलाचाली बंद झालेली घरं मला माहीत आहेत. इंग्रजीचं कपाट मात्र आत, शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून उभं असायचं आणि त्याची किल्ली बहुतेक वेळा शोधावी लागायची.

हे चिपळूण. वाचनालयाचं नाव लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. स्थापना १८६४ सालची. टिळक तेव्हा आठ वर्षांचे होते, त्यामुळे नाव अर्थातच मागाहून लागलेलं. कोकणात हे वेड जुनंच आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही आधीचं. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर महिना ढकलणाऱ्या घरांतही वाचनालयाची वर्गणी चुकत नसे. पुढे २०१३ साली ८६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळूणला भरलं, त्याचं यजमानपण याच वाचनालयाकडे होतं. गावाला त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. आपल्याकडे नाही भरणार तर कुठे भरणार, असाच एकूण सूर होता.

मी ज्या काळाबद्दल सांगते आहे तो १९८० नंतरचा. बाबांच्या वर्गणीवर एक पुस्तक आणि एक मासिक मिळे. पुस्तक आईचं, मासिक बाबांचं. या हिशेबात मी कुठेच बसत नव्हते. माझं काम फक्त ने-आण करण्याचं. शाळा सुटली की परतायचं पुस्तक छत्रीखाली सांभाळत जायचं, काउंटरवर ठेवायचं, आईने दिलेली चिठ्ठी पुढे करायची आणि काका आतून शोधून आणेपर्यंत बाकावर बसून राहायचं. अशाच एका दुपारी ग्रंथपाल काका म्हणाले, "बसून काय करतेस गो, आत जा आणि ते इंग्रजी बघ जरा. एक जास्तीचं ने. त्याला कोण विचारतोय!"

या औदार्यामागचं कारण मला बऱ्याच वर्षांनी उमगलं. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान. तपासणीला साहेब आले की सभासद किती, ग्रंथ किती आणि देवघेव कशी चालते, हे बघतात. वर्षानुवर्षं ज्या पुस्तकांवर तारखेचा शिक्का पडलेला नाही, अशा पुस्तकांनी भरलेलं कपाट कुठल्याही ग्रंथपालाला खुपणारच. मी नेलेल्या प्रत्येक पुस्तकाचा तिथे एक शिक्का वाढत होता. मला वाटे काकांचा माझ्यावर जीव आहे. तसा तो असेलही, पण त्यात देवघेवीच्या आकड्याचा वाटा होता, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. नुसत्या मायेवर ही सवलत किती दिवस टिकली असती कोण जाणे.

शाळेतल्या इंग्रजीबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडकंच आहे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. ते ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करण्यात आणि रिकाम्या जागा भरण्यात जायचं. आजोबा त्यांच्या तरुणपणच्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतली वाक्यं अजून धडाधड म्हणून दाखवायचे आणि आमच्या पुस्तकाला नावं ठेवायचे. दोन्हींत पुढे काय झालं याची उत्सुकता वाटावी असं एकही वाक्य नसे. मला वाटतं, भाषेची गोडी लागण्याचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो किंवा अडतो.

कपाटात काय होतं? आज आठवून त्याची वर्गवारी लावते तेव्हा गंमत वाटते. कुणीही ठरवून घेतलेलं त्यात फारसं काही नव्हतं. बरीचशी पुस्तकं घराघरांतून आलेली. गावातले एखादे वकील, डॉक्टर, निवृत्त हेडमास्तर गेले, की मुंबईला स्थायिक झालेली मुलं दहाव्या-बाराव्याला यायची, घर बंद करताना पुस्तकं खोक्यात भरून वाचनालयाला द्यायची आणि 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असा रबरी शिक्का बनवून घ्यायची. त्यामुळे कुणाची आवड काय होती ते कपाटात खणवार कळायचं. एक खण पेरी मेसनचा, एक वुडहाउसचा, एकात नुसते रीडर्स डायजेस्टचे चार-चार कादंबऱ्या एका बांधणीत कोंबलेले संक्षिप्त खंड. हे खंड बाहेरून इतके भारदस्त दिसायचे की ते हातात घेऊन बाजारपेठेतून चालताना माझी मान आपोआप ताठ व्हायची.

दुसरा झरा रशियाचा. मॉस्कोची मीर, प्रोग्रेस, रादुगा ही प्रकाशनं. लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनांत ही पुस्तकं इतकी स्वस्त मिळायची की वाचनालयांना परवडत. जाड पुठ्ठा, घट्ट शिवण, पांढरा कागद. याकोव्ह पेरेलमानचं मनोरंजक भौतिकशास्त्र मी तिथे वाचलं. चेखवच्या कथाही तिथेच. चेखव मला फार साधा वाटला, इंग्रजी म्हणजे असंच सोपं असतं असा समज झाला, आणि हे मूळ इंग्रजी नव्हेच, इंग्रजीत आणलेलं रशियन आहे, हे लक्षात यायला कॉलेज उजाडलं. त्याने बिघडलं काहीच नाही. उलट ज्यांनी ते इंग्रजी केलं त्यांनी माझ्यासारख्या वाचकांवर उपकारच केले.

तिसरा झरा विलायत सरकारच्या अनुदानावर निघणाऱ्या ईएलबीएसच्या, म्हणजे इंग्लिश लँग्वेज बुक सोसायटीच्या, स्वस्त आवृत्त्यांचा. त्यांतली बहुतेक पाठ्यपुस्तकं. शरीरशास्त्र, पूल बांधणी, हिशेबनीस व्हा वगैरे. मी तीही चाळली. वाचायला काही नसलं की माणूस काहीही वाचतो.

संपूर्ण वाचून संपवलेलं पहिलं इंग्रजी पुस्तक मात्र पुलंमुळे. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट पुलंनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणली आहे. ती आईने नेली होती, मी तिच्याआधी वाचली. मग मूळ पुस्तक कपाटात दिसलं. अंगाने बारीक, त्यामुळे धीर आला. चौऱ्याऐंशी दिवस मासा न लागलेला म्हातारा मला ओळखीचा होता, पुढे काय होणार तेही ठाऊक होतं, आणि वाक्यं अशी की कर्ता, क्रियापद, विषय संपला. गोवळकोटच्या खाडीवर होड्या बघत वाढलेल्या मुलीला त्यातलं वल्हं, दोर, गळ, आमिष कुणी समजावून सांगायला नको होतं. शब्द अडला तर माणूस काय करतो आहे ते दिसतच असायचं.

तेव्हापासून मी स्वतःला एक नियम घालून घेतला. घरी वीरकरांचा कोश होता, पण शब्द तिसऱ्यांदा भेटल्याशिवाय कोश उघडायचा नाही. एकदाच भेटून जाणारा शब्द म्हणजे एसटीत शेजारी बसलेला प्रवासी. त्याचं गाव-गोत विचारत बसलं तर आपलं उतरायचं ठिकाण निघून जातं. या नियमाने मी कित्येक पुस्तकं निम्मी-अर्धी समजून वाचली. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. वाचनालयाने मला दिलेली सगळ्यात मोठी मुभा हीच होती. शाळेत न समजलं तर गुण जायचे. इथे न समजलेलं पुस्तकही परत घेताना काका त्याच निर्विकारपणे शिक्का मारायचे. 'काय कळलं सांग बघू' असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. अर्धं सोडलं तरी विचारलं नाही. तेच पुस्तक पुन्हा नेलं तरी नाही.

आता थॉमस हार्डी या इंग्रज कादंबरीकाराबद्दल. 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' ही कादंबरी १८८६ ची, कपाटातली प्रत मॅकमिलनची. आतल्या पानावर एका वकिलांच्या स्मरणार्थचा शिक्का. पहिल्याच प्रकरणात गवताच्या पेंढ्या बांधणारा एक गडी, हेन्चर्ड, बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन जत्रेत येतो. फर्मिटी विकणाऱ्या बाईच्या तंबूत बसतो. फर्मिटी म्हणजे दूध घालून शिजवलेले गहू, त्यात मनुका वगैरे. थोडक्यात आपली गव्हाची खीरच, फक्त ही बाई गिऱ्हाइकाने डोळा मारला की त्यात रम ओतून देते. हेन्चर्डला ती चढते आणि तो भर तंबूत बायकोचा लिलाव पुकारतो. एक खलाशी पाच गिनी मोजून तिला मुलीसकट घेऊन जातो.

हे वाचून मी सुन्न झाले, आणि मग समासात नजर गेली. बारीक टोकाच्या पेन्सिलीने, मोडी वळणाच्या देवनागरीत लिहिलं होतं : 'करार शून्य. काँट्रॅक्ट ॲक्ट, कलम २३.'

वकीलसाहेब सबंध पुस्तकभर माझ्या आधी चालत गेले होते. अवघड शब्दांवर मराठी अर्थ लिहिलेले, तेही कोशातले कोरडे नव्हेत. धान्याच्या व्यापाऱ्याला त्यांनी 'आडत्या' म्हटलं होतं. खलाशाने मेजावर ठेवलेल्या नोटा आणि नाण्यांची बेरीज समासात करून पाच गिनी बरोबर भरतात याची खातरजमा केली होती. हेन्चर्ड शुद्धीवर येऊन एकवीस वर्षं दारूला शिवणार नाही अशी चर्चमध्ये शपथ घेतो, तिथे नुसतं 'बघू' असं लिहिलं होतं. माझी खरी इंग्रजीची शिकवणी ही. शिकवणारे गुरुजी कधीच गेलेले, फी शून्य, आणि विनोदबुद्धी शाबूत.

मधेच कुठेतरी पेन्सिल थांबली. एकही खूण नाही, एकही अर्थ नाही. पुस्तक सोडलं की प्रकृती बिघडली, कोण जाणे. पुढच्या वाटेला मी एकटीच लागले, आणि मला त्यांची फार चुटपुट लागली, कारण मजा पुढेच होती. बऱ्याच वर्षांनंतर हेन्चर्ड मोठा व्यापारी होतो, गावचा मेयर होऊन उतरतो, न्यायासनावर बसतो, आणि एके दिवशी त्याच्यासमोर आरोपी म्हणून उभी राहते ती तीच फर्मिटीवाली. भर कोर्टात ती त्याचं बिंग फोडते. वकिली केलेल्या माणसाने नेमका कोर्टाचा प्रसंग वाचायचा सोडून जावं, याला काय म्हणायचं!

हार्डी मला आवडण्याचं दुसरंही कारण होतं. आईच्या कादंबऱ्यांतली माणसं पुण्याच्या वाड्यात किंवा मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहायची, त्यांना नाटकाची तिकिटं मिळत नसत आणि त्यांचं मन कुणाला कळत नसे. हार्डीच्या माणसांची पावसाशी गाठ होती. हेन्चर्ड एका भविष्यवाल्याकडे चोरून जातो, सुगीत पाऊस झोडपणार असं ऐकून वारेमाप धान्य घेऊन ठेवतो, लख्ख ऊन पडतं, भाव कोसळतात, तो तोट्यात विकून मोकळा होतो, आणि मग पाऊस येतो. आमच्याकडे आजोबा पंचांग उघडून यंदा मृगाचं वाहन म्हैस की बेडूक ते बघायचे आणि त्यावर भाताच्या पेरणीची चर्चा रंगायची. हार्डीचं विलायतेतलं डॉर्सेट मला सदाशिव पेठेहून जवळचं वाटलं, ते याच्यामुळे. इंग्रजी वाचणं म्हणजे गावाशी नाळ तोडणं, असं पुष्कळ जण मानतात. माझा अनुभव तसा नाही. आमच्यासारख्या आडगावच्या माणसांवर कुणी जाड जाड कादंबऱ्या लिहू शकतं, हे मला त्या कपाटापाशी कळलं.

पावसाळ्यात त्या कपाटाची अवस्था बघवत नसे. कोकणातली ओल सगळ्यांत शिरते. पुठ्ठ्यांवर पांढरा बुरा यायचा, पानं मऊ पडायची, कसर आपलं काम शांतपणे करत राहायची. डांबरगोळ्यांचा आणि बुरशीचा मिळून एक वास तयार व्हायचा. आई पुस्तक घरात घेताना आधी चुलीजवळच्या फळीवर ठेवायला लावायची, उबेला जरा कोरडं होऊ दे म्हणून.

पुण्याला कॉलेजात आले आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीची सभासद झाले. तिथे ओल नव्हती, कसर नव्हती, पुस्तकं काचेसारखी स्वच्छ, आणि आपल्या हाताने काढून बघायची मोकळीक. ड्युईच्या वर्गीकरणातला ८२३ हा आकडा, म्हणजे इंग्रजी कथा-कादंबऱ्या, मला तिथे पाठ झाला. पण तिथे गिऱ्हाईक फार! बुकर पारितोषिकाच्या यादीतल्या कादंबरीवर माणसं टपून असायची. मी सवयीने खालच्या फळीकडे वळायचे, जिथे वाकावं लागतं म्हणून कुणी फिरकत नाही. माझ्या वाचनाला जे काही वळण आहे ते अशा कमी मागणीच्या फळ्यांनी लावलेलं आहे. मैत्रिणी चर्चेतलं पुस्तक वाचून मोकळ्या व्हायच्या. मी ट्रॉलप या जुन्या इंग्रज कादंबरीकाराच्या पाद्र्यांत अडकलेली असायचे.

२६ जुलै २००५. मुंबई बुडाली ती तारीख सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच पावसात वाशिष्ठी नदीने चिपळूणही बुडवलं. वाचनालयात पाणी शिरलं, हजारो पुस्तकं गेली. गावाने ते उभं केलं. मग २२ जुलै २०२१. या वेळचं पाणी त्याहून वरचढ. वाशिष्ठी आणि शिव या नद्या भरून आलेल्या, खाडीला भरती, बाजारपेठेत पुरुषभर उंचीच्याही वर पाणी. पुन्हा वाचनालय.

पुरात पुस्तकाचं काय होतं हे ज्याने पाहिलेलं नाही त्याला वाटतं, भिजतात, मग वाळवायची. तसं नसतं. कागद पाणी पितो आणि फुगतो. गच्च भरलेल्या फळीवरची पुस्तकं फुगून एकमेकांत अशी आवळली जातात की एकही ओढून काढता येत नाही. गुळगुळीत चकचकीत कागदाची सर्वांत आधी वाट लागते. त्याच्यावरचा मातीचा लेप विरघळून पानं एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर पुस्तकाची वीट होते. जुना जाडाभरडा कागद त्या मानाने चिवट. दोन दिवसांत बुरशी धरते. परदेशातली मोठी ग्रंथालयं अशी पुस्तकं ताबडतोब गोठवतात, म्हणजे बुरशी थांबते आणि एकेक करून सवडीने सुकवता येतात. जुलैत, चिपळुणात, वीज गेलेली असताना, ऊन नाही नि पंखा नाही, अशा वेळी काय गोठवणार आणि काय सुकवणार? पहिल्यांदा माणसांना प्यायला पाणी लागतं.

मी गेले तेव्हा चिखल निघाला होता. माझं कपाट नव्हतं. लाकडाचं होतं, दोन पुरांत ते टिकावं अशी अपेक्षाही मी धरली नव्हती. मदतीचा ओघ चांगला होता, ठिकठिकाणहून पुस्तकं येत होती, त्यात मराठी भरपूर आणि इंग्रजीच्या नावाखाली मुख्यत्वे स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं. त्यात देणाऱ्यांचं चुकलं असं नाही. मुलांना ती लागतात, तीच मुलं सभासद होतात, वाचनालयही त्यांच्यावरच चालतं. कुठलीही समिती शहाणपणाने पुस्तकं घ्यायला बसली तर ती मागणी बघूनच घेणार, आणि मागणी बघून कुणी ट्रॉलप घेत नाही. म्हणून मी म्हणते ते कपाट कुणी उभारलेलं नव्हतं, ते साचलेलं होतं.

साचण्याच्या वाटाही आता बुजल्या. सोव्हिएत युनियन १९९१ साली विस्कटलं, मॉस्कोची पुस्तकं थांबली. ईएलबीएस १९९७ मध्ये बंद झाली. राहता राहिली वकील-डॉक्टरांची घरं. त्यांची मुलं आता मुंबईत नसतात, न्यू जर्सीत असतात, दहा दिवसांच्या रजेवर येतात, आणि खोकी भरून वाचनालयापर्यंत नेण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नसतो. रद्दीवाला दारात येतो.

ओळखीचे लोक मला विचारतात, मुलीला इंग्रजी वाचनाची आवड लावायची आहे, यादी दे. ही मुलगी इंग्रजी माध्यमातली असते, माझ्या त्या वयात मला येत होतं त्याच्या दसपट इंग्रजी तिला येत असतं, आणि दर पुस्तकामागे तिला वर्कशीट भरायची असते. मी यादी देत नाही. वर्कशीट बंद करा म्हणते. मग ते दुसऱ्या कुणाकडे यादी मागायला जातात.

गेल्या वर्षी कोथरूडमध्ये आमच्या रद्दीवाल्याकडे एका बंद झालेल्या घरातली इंग्रजी पुस्तकं आली. किलोच्या भावाने एक पोतं घेतलं. घरी आणून झटकली, कसरीची वेगळी काढली, आणि उरलेली एसटीच्या पार्सलने चिपळूणला लावून दिली. आठवड्याने काउंटरवरच्या बाईंचा फोन आला.

"ताई, पोचली हो. दाखल क्रमांक टाकायला घेतलेत. पण दोन-तीन पुस्तकांत पेन्सिलीने खूप लिहून ठेवलंय. खोडून काढू का?"

मी चटकन विचारलं, "काय लिहिलंय?"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "काय की," त्या म्हणाल्या, "लागत नाही. अक्षरावरून डॉक्टर असावेत."